तळात टाकी असलेली लागवड-पेटी: पानांना उत्तम, गाजराला बेताची

लेट्यूस, अरुगुला (सॅलडमधलं तिखटसर पान), पालक, मोहरीची कोवळी पानं, कांदापात आणि फार तर छोटा गोल मुळा. दिवस लहान होऊ लागल्यावर एवढंच लावायचं असेल, तर तळात पाण्याची टाकी असलेली पेटी जरूर घ्यावी. साध्या कुंडीपेक्षा तिच्यात पानं नक्कीच चांगली येतात आणि त्याला ठोस कारण आहे. गाजर, कोबी आणि फ्लॉवरसाठी मात्र ती घेऊ नये, खोक्यावर त्यांचं चित्र छापलेलं असलं तरी. आणि एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ‘आपोआप पाणी देणारी’ हे वर्णन पहिल्या पंधरा दिवसांना लागू होत नाही. या पेटीबद्दलच्या बऱ्याच तक्रारी त्याच काळातल्या असतात.

इथे मध्यम आकाराची पेटी धरली आहे: बाहेरून ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद, ३५ सेंमी उंच. आत मातीऐवजी भरायचं साधारण ३० लिटर मिश्रण बसतं आणि खालच्या टाकीत ९ लिटर पाणी. बऱ्याच कंपन्या थोड्याफार फरकाने हाच आकार विकतात, त्यामुळे खालचे आकडे त्या सगळ्यांना लागू पडतील.

आत काय असतं

पेटीत मुख्य भाग पाच. बाहेरचा डबा, आतली जाळीदार फळी, जिच्यावर मिश्रण टेकतं, त्या फळीतून खाली टाकीच्या तळापर्यंत उतरणारे दोन किंवा चार पोकळ खांब, कोपऱ्यातली पाणी भरायची नळी, आणि बाजूला, फळीच्या थोडं खाली असलेलं जादा पाणी निघून जायचं भोक. काहींमध्ये पाण्याची पातळी दाखवणारा तरंगता दांडाही येतो.

सगळं काम होतं ते त्या पोकळ खांबांमुळे. खांबांत भरलेलं मिश्रण पाण्यात बुडून राहतं, आणि दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं त्यातून पाणी वर चढतं. झाडाने जेवढं शोषलं तेवढंच वर येतं. पाण्याची पातळी आणि फळी यांच्यात दोन-तीन सेंमी हवेची पोकळी राहते, तिथून मुळांना हवा मिळते. मिश्रण ना चिखल होतं ना कोरडं पडतं. शेतात पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवसांनी जो वाफसा येतो, तो इथे आठवडेच्या आठवडे टिकतो. पालेभाजीला नेमकं हेच लागतं. लेट्यूसची मुळं वरच्या थरातच पसरतात, खोल जात नाहीत; दोन दुपारी मिश्रण कोरडं पडलं की पान चिवट आणि कडवट व्हायला लागतं. मग पाणी कितीही घातलं तरी ते पान पुन्हा कोवळं होत नाही.

विकत घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे जादा पाण्याचं भोक. ते आहे का, किती मोठं आहे, आणि बाहेरून काडी घालून साफ करता येतं का. ८ ते १० मिमी व्यासाचं भोक पुरतं. त्याहून बारीक असेल तर मिश्रणाच्या कणांनी बुजतं. भोकच नसलेली पेटी घेऊच नये, कारण एका मोठ्या पावसात तिची बादली होते. दुसरी, खांबांना बाजूने चिरा असाव्यात आणि ते टाकीच्या तळाला टेकायला हवेत. तळापासून दोन सेंमी वर संपणारे खांब टाकीतलं शेवटचं पाणी उचलूच शकत नाहीत. तिसरी, रंग. फिकट रंगाची, अपारदर्शक पेटी घ्यावी. काळी पेटी उन्हात इतकी तापते की कडेची मुळं भाजतात, आणि पाणी दिसावं म्हणून दिलेल्या पारदर्शक खिडकीतून उजेड शिरून टाकीत शेवाळ धरतं. अशी खिडकी असेल तर तिच्यावर बाहेरून काळी चिकटपट्टी लावावी, पाणी पाहायचं तेव्हाच उचलावी.

तरंगता दांडा हा या पेटीतला सर्वांत कच्चा भाग. महिन्या-दोन महिन्यांत बारीक मुळं त्याच्या नळीत शिरतात आणि दांडा एका जागी अडकतो. पेटी भरलेली दाखवते, टाकी मात्र कोरडी असते. म्हणून त्याच्यावर विसंबू नये. पाणी भरायच्या नळीतून एक बारीक कोरडी काठी तळापर्यंत घालून बाहेर काढावी. जेवढी ओली, तेवढं पाणी.

मांडणी आणि वजन

जुळणीला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत, पण जागा ठरवायला वेळ द्यावा. भरलेल्या पेटीचं वजन काढून पाहा: ओलं मिश्रण लिटरमागे साधारण ८०० ग्रॅम धरलं तर ३० लिटरचे २४ किलो, पाणी ९ किलो, डबा ३ किलो. म्हणजे ३६ किलो, झाडांशिवाय. ही पेटी कठड्यावर टांगायची नाही, आणि भरल्यावर एकट्याने उचलायचीही नाही. आधी जागेवर ठेवावी, मग भरावी.

पेटी सपाट बसली पाहिजे, हे माहितीपत्रकात एका ओळीत उरकलेलं असतं. ते त्याहून महत्त्वाचं आहे. ६० सेंमी लांबीत एक अंशाचा उतार असला तरी दोन टोकांच्या पाण्यात एक सेंमीचा फरक पडतो, आणि टाकी तर जेमतेम सात सेंमी खोल. तिरक्या पेटीत एका बाजूची झाडं तरारलेली आणि दुसऱ्या बाजूची खुरटलेली दिसतात. लोक बियाण्याला दोष देतात, दोष उताराचा असतो. गच्चीला आणि बाल्कनीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार ठेवलेलाच असतो, तेव्हा खाली फरशीचे तुकडे घालून पेटी पातळीत आणावी.

ऊन किती हवं? पानांसाठी चार-पाच तासांचं थेट ऊन पुरतं. मुळा किंवा बीट लावायचा असेल तर सहा तास तरी हवं. त्याहून कमी उन्हात पाला उंच वाढतो आणि खाली गड्डा धरत नाही.

सोबत आलेलं मिश्रण आणि बियाणं

अनेक पेट्यांसोबत कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, दाबलेली चकती आणि ‘सॅलड मिक्स’ नावाची बियांची पुडी येते. या दोन्हींना गुण देता येत नाहीत.

नुसत्या कोकोपीटमध्ये झाडाच्या कामाचं अन्न जवळपास नसतं. शिवाय ते नीट धुतलेलं नसेल तर त्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. साध्या कुंडीत वरून दिलेल्या पाण्याबरोबर ते खालून निघून जातात. या पेटीत पाणी खालून वर चढतं, त्यामुळे क्षारही वर चढतात आणि नेमके कोवळ्या रोपांच्या गळ्याशी साचतात. म्हणून कोकोपीट फुगवल्यावर दोन-तीन वेळा भरपूर पाण्यात धुऊन, पिळून घ्यावं.

३० लिटरच्या पेटीसाठी सैल मोजून ३५ लिटर मिश्रण करावं, कारण पहिल्या पाण्यानंतर ते बसतं. प्रमाण असं: धुतलेलं कोकोपीट १८ लिटर (६५० ग्रॅमच्या दोन विटा फुगून साधारण एवढं होतं), चाळलेलं गांडूळ खत १० लिटर, परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) ७ लिटर. बागेतली माती मुळीच घालू नये. तिच्यातले बारीक कण सतत ओले राहून घट्ट बसतात, हवेची जागा संपते आणि मुळं गुदमरतात. जाड वाळूही नको, कारण तिच्यातून पाणी पुरेसं वर चढत नाही. परलाइट एक तृतीयांशाच्या वर गेलं तर तोच प्रश्न: खालचा थर ओला आणि वरचा कोरडा.

भरताना सर्वांत आधी खांब भरायचे. मिश्रण आधीच ओलं करून घ्यावं, मुठीत दाबलं तर दोन-चार थेंब यावेत इतकं. ते खांबांत बोटांनी घट्ट दाबून भरावं, आत पोकळी राहू देऊ नये. कोरडं कोकोपीट पाणी धरण्याऐवजी झटकतं. खांबात ते कोरडं राहिलं तर वर पाणी चढणारच नाही आणि सगळी पेटी खोलून पुन्हा भरावी लागेल. खांबांवरचं मिश्रण मात्र सैल भरावं, दाबू नये.

पेरणीआधी एक चाचणी. वरून एकदा झारीने सगळं मिश्रण भिजवावं, टाकी भरावी आणि दोन दिवस तसंच ठेवावं. तिसऱ्या दिवशी चारही कोपऱ्यांत आणि मध्ये बोट घालून पाहावं. पाच सेंमी खोलीवर सगळीकडे सारखा ओलावा लागला तर पेटी तयार. एखादा कोपरा कोरडा लागला तर त्या बाजूचा खांब किंवा पेटीचा उतार तपासावा.

आता पुडीबद्दल. ‘मिक्स’ हीच तिची खोड. मोहरी आणि अरुगुला तीन-चार दिवसांत उगवतात, लेट्यूसला पाच ते आठ दिवस लागतात, पालकाला आठ ते बारा. एकत्र पेरलं की मोहरीची पानं लेट्यूसवर छत धरतात, आणि पहिल्या कापणीला लेट्यूस अजून बोटभरही झालेलं नसतं. प्रत्येक बी वेगळं घेऊन वेगवेगळ्या पट्ट्यांत पेरावं. ताटात एकत्र करता येतंच.

पहिले पंधरा दिवस

बी पेरलं, टाकी भरली, आता बघायला नको, असं समजून पेटीकडे पाठ फिरवली की उगवण फसते. खालून चढणारा ओलावा वरच्या एक-दोन सेंमी थरापर्यंत पुरेसा पोचत नाही, आणि लेट्यूसचं बी तर जेमतेम तीन ते पाच मिमी खोल असतं. बी फुगतं, कोंब फुटायला येतो आणि दुपारच्या वाऱ्यात वरचा थर सुकतो. तेवढ्यात कोंब मरतो. म्हणून पेरणीपासून रोपाला तीन-चार खरी पानं (सुरुवातीच्या बीजपानांनंतरची) येईपर्यंत वरून बारीक फवाऱ्याने दिवसातून एकदा, उष्ण हवेत दोनदा पाणी द्यायचंच. उगवण दिसेपर्यंत वर ओलं सुती कापड पसरून ठेवलं तर काम सोपं होतं, पण पहिला कोंब दिसताच ते काढावं. लेट्यूसच्या बहुतेक वाणांना उगवायला उजेड मदत करतो.

लेट्यूसची दुसरी अडचण उष्णतेची आहे. त्याचं बी १५ ते २० अंश सेल्सियसला झकास उगवतं; मिश्रण २८-३० अंशांच्या वर गेलं की बी मेलेलं नसतं, पण झोपी जातं. थंडी अजून लांब असताना पेरायची घाई असेल तर बी ओल्या कागदात गुंडाळून, हवाबंद डबीत फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन दिवस ठेवावं आणि संध्याकाळी पेरावं. म्हणजे सुरुवातीचे तास थंड मिळतात. पालकाचंही तसंच: तापलेल्या मिश्रणात उगवण निम्म्याहून खाली येते. पालकाचं बी एक ते दीड सेंमी खोल पेरावं.

कोवळ्या पानांसाठी दाट पेरणी चालते. बोटभर रुंद पट्टीत साधारण एकेका सेंमीवर बी पडलं तरी हरकत नाही. पूर्ण गड्डा हवा असेल तर विरळणी करून दोन झाडांत २० ते २५ सेंमी ठेवावे लागतात. म्हणजे या पेटीत चार, फार तर पाच गड्डे. जागेच्या हिशोबाने कोवळ्या पानांचीच लागवड जास्त फायद्याची आहे. विरळणी करताना रोपं उपटू नयेत, कात्रीने बुडाशी कापावीत. उपटल्याने शेजारच्या रोपाची मुळं हलतात.

या काळात रोपं बुडाशी काळी, बारीक होऊन कोलमडली तर ते बुरशीचं काम. दाटी, कोंदट हवा आणि सतत ओला पृष्ठभाग ही त्याची कारणं. पाणी सकाळी द्यावं, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरचा थर थोडा सुकतो. रोपं सावरली की वरचं पाणी बंद करावं आणि वरचा सेंमीभर थर मुद्दाम कोरडा राहू द्यावा. मिश्रणावर भिरभिरणारी बारीक काळी चिलटंही त्यामुळे हटतात, कारण त्यांना अंडी घालायला ओला पृष्ठभाग लागतो.

टाकी किती दिवस पुरते

काही माहितीपत्रकांत ‘तीन आठवडे पाणी नको’ असं लिहिलेलं असतं. हिशोब करून पाहावा. एक चौरस मीटरवर एक मिमी पाणी म्हणजे एक लिटर. पेटीचं आतलं क्षेत्र ०.१५ चौरस मीटर. सौम्य हवेत भरगच्च पालेभाजी दिवसाला साधारण ३ ते ५ मिमी पाणी घेते, म्हणजे अर्धा ते पाऊण लिटर. त्यातच पानं पेटीच्या कडेबाहेर पसरतात आणि चारी बाजूंनी वारा लागतो; तेव्हा प्रत्यक्षात दिवसाला ६०० मिली ते एक लिटर धरावं. ९ लिटरची टाकी नऊ ते पंधरा दिवस पुरते. कोरडं वारं सुटलं तर सहा-सात दिवस. तीन आठवडे टिकते ती रोपं बोटभर असताना, पण तेव्हा तर वरूनच पाणी द्यावं लागतं.

तरीही कोरडं वारं नसेल तर आठवडाभर बाहेर जाताना ही पेटी निर्धास्तपणे मागे ठेवता येते, आणि साध्या कुंडीबद्दल असं म्हणता येत नाही. फक्त टाकी पूर्ण कोरडी पडू देऊ नये. खांबांतलं मिश्रण वाळलं की टाकी पुन्हा भरूनही पाणी चढत नाही. मग वरून दोन-तीनदा भरपूर पाणी देऊन सगळं नव्याने भिजवावं लागतं.

पाणी भरायच्या नळीचं तोंड उघडं ठेवू नये. साचलेलं पाणी, अंधार आणि आत जायला वाट, एवढं डासांना पुरतं. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात आणि टाकीत पाणी त्याहून जास्त दिवस राहतं. नळीवर बारीक जाळीचं कापड रबरबँडने बांधावं आणि जादा पाण्याच्या भोकालाही आतून जाळीचा तुकडा लावावा. बऱ्याच पेट्यांत नळीला झाकणच दिलेलं नसतं. ही साधी गोष्ट कंपन्यांनी द्यायलाच हवी.

काय चांगलं येतं

लेट्यूस पहिल्या क्रमांकावर, आणि त्यातही सुट्या पानांचे वाण. कोवळी पानं २५ ते ३० दिवसांत कापायला येतात. पानं १० ते १२ सेंमी उंच झाली की बुडापासून तीन-चार सेंमी वर कात्री चालवावी. मधला वाढीचा कोंब शाबूत राहिला पाहिजे. दहा ते चौदा दिवसांत पुन्हा कापणी येते. असं दोन-तीनदा, त्यानंतर पान जाड होतं आणि नवं पेरलेलं बरं. पूर्ण भरलेल्या पेटीतून एका कापणीला अंदाजे १५० ते २५० ग्रॅम पानं मिळतात. घरात रोज सॅलड हवं असेल तर एक पेटी पुरणार नाही. दोन पेट्या घेऊन अर्धी-अर्धी पेटी दहा-बारा दिवसांच्या अंतराने पेरावी.

मधला कोंब उंच व्हायला लागला, नवी पानं अरुंद व टोकदार दिसू लागली, कापल्यावर निघणारा पांढरा चीक दाट झाला, की झाड डेंगळ्यावर, म्हणजे फुलाच्या दांड्यावर, आलं. चिकातच कडवटपणा असतो, तो आता वाढतच जाणार. त्याच दिवशी सगळं काढून घ्यावं. पेटीतल्या सारख्या ओलाव्याने ही वेळ लांबते, टळत नाही. उष्णता आणि लांब दिवस यांच्यापुढे पाण्याचा उपाय चालत नाही. म्हणूनच दिवस लहान होत जाणारा हंगाम या पिकाला मानवतो.

गड्डा धरणाऱ्या लेट्यूसमध्ये एक वेगळा त्रास दिसतो: आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होऊन जळतात. हा कॅल्शियमचा तुटवडा असतो, पण तो मिश्रणातला नव्हे, त्या पानातला. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर पानात जातं. आतल्या मिटलेल्या पानांतून बाष्प कमी उडतं, म्हणून तिथे ते पोचत नाही. झाड जोरात वाढत असेल आणि हवा कोंदट असेल तर हे हमखास होतं. वरून अंड्याची टरफलं किंवा चुना टाकून फरक पडत नाही. पेटी वाऱ्याला ठेवावी, नत्राचं खत कमी करावं, गड्डा घट्ट होण्याआधी काढावा.

अरुगुला आणि मोहरी यांना काही शिकवावं लागत नाही. पालकही छान येतो, फक्त लांब दिवसांत तो लेट्यूसच्याही आधी फुलावर जातो. कांदापात आणि कोथिंबीर पेटीच्या कडेला लावावी. नवलकोल २० सेंमीवर, एका ओळीत तीन. मधल्या जागेत सुरुवातीचा महिना लेट्यूस निघतं.

गोल मुळा २५ ते ३० दिवसांत तयार होतो: दीड सेंमी खोल, चार-पाच सेंमी अंतर. साध्या कुंडीत कोरडं-ओलं होऊन तो तडकतो, इथे तडकत नाही. पण मिश्रणात गांडूळ खत वर सांगितल्यापेक्षा जास्त घातलं तर सगळी वाढ पाल्यात जाते. तयार झाल्यावर ठेवूनही देऊ नये, आठवड्याभरात तो आतून भेंड होतो. बीट ठीकठाक येतो. त्याचं एक ‘बी’ म्हणजे खरं तर बियांचा गुच्छ, त्यातून दोन-तीन रोपं निघतात. एकच ठेवावं, बाकीची कापून सॅलडमध्ये घ्यावीत.

गाजराला बेताचे गुण देण्याचं कारण खोली. मिश्रणाची उंची २० सेंमी, आणि त्यातला खालचा तीन-चार सेंमी थर कायम चिंब. लांब गाजराचं टोक तिथे पोचलं की कुजतं किंवा त्याला केसाळ मुळं फुटतात. आठ-दहा सेंमीचे आखूड किंवा गोल वाण चालतील, पण ते पेटी दोन-अडीच महिने अडवतात. लांब मुळ्याला इथे जागा नाही. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोलीला झाडामागे ४५ सेंमी अंतर लागतं; एका पेटीत एकच झाड म्हणजे पेटी वाया गेली. त्यांना मोठी कुंडी किंवा जमीनच द्यावी.

खत, क्षार आणि जाळी

गांडूळ खत पहिल्या कापणीपर्यंत पुरतं. त्यानंतर प्रत्येक कापणी झाली की द्रवरूप खत, वेष्टनावर दिलेल्या प्रमाणाच्या निम्मंच घेऊन पाण्यात मिसळून, वरून द्यावं. टाकीत खत कधीही ओतू नये. सेंद्रिय द्रव तिथे सडतो, वास सुटतो, तळाशी गाळ बसतो. उजेड कमी असलेल्या दिवसांत खताचा हात आखडता ठेवावा. पालक आणि अरुगुला अशा वेळी पानांत नायट्रेट साठवतात. कापणीआधी आठवडाभर खत बंद असावं.

पाणी सतत वर चढत असल्याने मिश्रणाच्या पृष्ठभागावर पांढरी खरवड दिसू लागते. ते क्षार असतात. पानांच्या कडा वाळायला लागल्या आणि वर खरवड असली तर पाणी कमी पडलं असं समजून अजून पाणी भरू नये. वरचा सेंमीभर थर खरवडून टाकावा आणि टाकी रिकामी करून वरून १५ ते २० लिटर साधं पाणी हळूहळू सोडावं, भोकातून वाहून जाऊ द्यावं. पाणी जड असेल तर दर महिन्याला, नाहीतर दीड महिन्याने हे करावं. टाकी रिकामी करायला तळाशी बूच असलेली पेटी मिळाली तर उत्तम. नसेल तर पेटी तिरकी करावी लागते, आणि ३६ किलोला ते सोपं नाही.

खालची पानं पिवळी, झाड ओल्या मिश्रणातही मलूल आणि आंबट वास आला, तर जादा पाण्याचं भोक बुजलेलं असतं. काडी घालून मोकळं करावं. दोन-तीन दिवसांत झाड सावरलं नाही तर मुळं कुजली असं धरावं.

काही पेट्यांसोबत तारेच्या कमानी आणि जाळी येते. कमानी बहुधा मऊ असतात, जोराच्या वाऱ्यात वाकतात. जाळी मात्र कामाची आहे. अरुगुला आणि मोहरीच्या पानांवर सुईने टोचल्यासारखी भोकं पाडणारा पिसू भुंगेरा ०.८ मिमी छिद्राच्या जाळीने अडतो, पण जाळी पेरणीच्याच दिवशी लागली पाहिजे. पतंग आणि फुलपाखरंही अडतात, म्हणजे पानं खाणाऱ्या अळ्याही. मावा या छिद्रातून आत येऊ शकतो, आणि जाळीच्या आड त्याला खाणारे ढालकिडे पोचत नाहीत. आठवड्यातून एकदा जाळी उचलून पानांच्या खालची बाजू पाहावी आणि मावा पाण्याच्या धारेने धुऊन काढावा, सकाळीच. जाळीखाली हवा खेळत नाही, त्यामुळे गड्ड्याच्या लेट्यूसवर ती कायम ठेवू नये.

रोगांच्या बाबतीत पेटीची बाजू भक्कम आहे. लेट्यूसवरचा केवडा, म्हणजे वरून पिवळे कोनाकृती डाग आणि पानाखाली पांढरी बुरशी, थंड हवेत पान तासन् तास ओलं राहिलं की पसरतो. इथे पाणी खालून मिळतं, पान कोरडं राहतं.

हंगाम संपल्यावर

जिथे पारा शून्याखाली उतरतो तिथे गोठण सुरू होण्याआधी टाकी रिकामी करावी. बर्फ फुगून डबा तडकतो. पालक आणि लेट्यूस हलकं दंव सोसतात, टाकी सोसत नाही.

तेच मिश्रण पुढच्या हंगामात चालतं. मुळं काढून, वरचा खरवडीचा थर फेकून, एक चतुर्थांश नवं गांडूळ खत मिसळावं. खांबांतलं मिश्रण मात्र दर हंगामाला पूर्ण बदलावं. सतत पाण्यात राहून ते लगदा होतं, मुळांची जाळी त्यात घट्ट बसते आणि पाणी चढण्याचा वेग कमी होतो. दुसऱ्या वर्षी पेटी पहिल्यासारखी चालत नाही असं वाटलं तर आधी खांब उपसून पाहावेत. दोन-अडीच लिटर ताजं मिश्रण लागतं, आणि अर्ध्या तासात काम होतं.